प्रवासी बोटींचा सुरक्षानियम स्पर्धेच्या अंगाने कसा वाचावा

प्रवासी जलवाहतुकीसंबंधी एखाद्या नव्या नियमाचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो, त्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि मग धक्क्यावर दोनच सूर ऐकू येतात. बोटमालक म्हणतात की हा खर्च आम्हाला झेपणार नाही. प्रवासी म्हणतात की जिवापुढे खर्चाची भाषा कसली करता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. परंतु नियम लागू होऊन दोन वर्षे झाल्यावर त्या धक्क्यावर किती मालक उरतील, तिकिटाचा दर कोण ठरवील आणि जुनी बोट हटेल की सर्वांत स्वस्त म्हणून तीच टिकेल, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नाहीत. ती मसुद्याच्या मजकुरातच असतात, फक्त ती काढून घ्यावी लागतात. प्रवासी संघटना, बोटमालकांच्या सहकारी संस्था, वार्ताहर किंवा विद्यार्थी यांपैकी कोणालाही ती काढता यावीत, अशी एक पद्धत येथे मांडली आहे.

पद्धतीमागची धारणा आधीच सांगून टाकतो. नियम कडक आहे की सैल, एवढ्यावरून स्पर्धेचे काय होणार हे फारसे कळत नाही. खर्च आसनामागे बसतो, बोटीमागे बसतो की कंपनीमागे, नियम कोणत्या आकड्यापासून सुरू होतो, जुन्यांना सूट किती काळ आहे, आणि तपासणारा कोण आहे, यांवरून ते कळते. अतिशय कडक नियमातही स्पर्धा निकोप राहू शकते, आणि वरवर किरकोळ दिसणारी एखादी पोटअट संपूर्ण मार्ग एका कंपनीच्या हाती देऊ शकते. म्हणून बातमीवर विसंबू नये. राजपत्रातील मूळ मजकूर छापून घ्यावा आणि पेन्सिल हातात घेऊन बसावे.

नियम नसता तर काय झाले असते?

पहिल्या कागदावर हे लिहून काढावे, कारण सुरक्षानियमामुळे स्पर्धा कमी होते हे गृहीतक नेहमी खरे नसते. प्रवाशाला तिकिटाचा दर दिसतो, वेळ दिसते, बसायला गादी आहे की फळी हेही दिसते. बोटीचा तळ गंजला आहे का आणि पाणी उपसण्याचा पंप चालू आहे का, हे मात्र त्याला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर काटकसर करण्याचा मोह प्रत्येक मालकाला असतो, आणि एकाने ती केली की शेजाऱ्यालाही करावी लागते.

हिशेब साधा आहे. एका लाँचची मान्य क्षमता ८० प्रवाशांची, तिकीट १०० रुपये, आणि इंधन, पगार व धक्क्याचे शुल्क धरून एका खेपेचा खर्च ६,००० रुपये, असे समजा. बोट पूर्ण भरली तर ८,००० रुपये येतात आणि २,००० उरतात. त्याच खेपेत आणखी २० माणसे कोंबली तर खर्च जवळजवळ तेवढाच राहतो आणि ४,००० उरतात. आता हा मालक तिकीट ८० रुपयांवर आणतो. १०० प्रवाशांकडून त्याला पूर्वीचेच ८,००० मिळतात. क्षमता पाळणाऱ्या शेजाऱ्याने त्याच्याशी बरोबरी करायला तिकीट ८० केले, तर पूर्ण भरलेल्या बोटीतूनही त्याला ६,४०० रुपयेच मिळतात आणि हाती ४०० उरतात. एक तर त्यानेही माणसे कोंबावीत किंवा धंदा सोडावा. अशा धक्क्यावर क्षमतेचा नियम प्रत्यक्षात अंमलात आला तर जी स्पर्धा मरते ती जिवाशी खेळण्याची. दर, वेळ आणि सेवा यांवरची स्पर्धा त्यानंतर सुरू होते.

मात्र नियम सर्वांना लागू असेल तरच असे घडते. ब्रिटनमध्ये खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांच्या चळवळीनंतर १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा, म्हणजे भरलेले जहाज कोठपर्यंत पाण्यात बुडावे हे दाखवणारी रेषा, रंगवणे सक्तीचे झाले, पण ती कोठे काढायची हे मालकानेच ठरवायचे होते. रेषेची जागा कायद्याने बांधली गेली ती १८९० मध्ये. त्यानंतरही ब्रिटिश मालकांची तक्रार होतीच, कारण त्याच बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांना ही रेषा बंधनकारक नव्हती. ती १९०६ मध्ये झाली. तेव्हा मसुद्यात ‘हा नियम कोणाला लागू नाही’ हे शोधून त्याखाली पहिली रेघ मारावी. त्याच पाण्यात, त्याच धक्क्यावर येणारा कोणी बाहेर राहत असेल, तर धंदा हळूहळू त्याच्याकडे सरकणार हे धरून चालावे.

खर्चाचे तीन रकाने

यानंतर मसुद्यातील प्रत्येक अट तीनपैकी एका रकान्यात घालावी.

प्रत्येक प्रवाशामागे लाइफ जॅकेट हवे, ही आसनामागची अट आहे. ८० आसनांच्या लाँचला ८० आणि ३०० आसनांच्या कॅटमरानला (दोन सांगाड्यांच्या बोटीला) ३०० जॅकेटे घ्यावी लागतात, म्हणजे तिकिटामागचा भार दोघांवर सारखाच पडतो आणि स्पर्धेचे पारडे हलत नाही. रडार, वायरलेस संच किंवा प्रमाणपत्रधारक इंजिन ड्रायव्हर ही बोटीमागची अट झाली. बोट लहान असो वा मोठी, वस्तू एकच लागते. अशा अटींचा वार्षिक खर्च बोटीमागे तीन लाख रुपये येतो असे समजा. वर्षात २०० दिवस, दिवसाला सहा खेपा आणि सरासरी निम्मी बोट भरलेली, या हिशेबाने ८० आसनांची लाँच ४८,००० प्रवासी नेते आणि तिच्यावर तिकिटामागे सव्वासहा रुपये चढतात. ३०० आसनांची बोट १,८०,००० प्रवासी नेते आणि तिच्यावर जेमतेम पावणेदोन रुपये चढतात. नियमाच्या मजकुरात कोणाविषयीही दुजाभाव नसताना तिकिटामागे साडेचार रुपयांचा फरक पडला.

तिसरा रकाना कंपनीमागच्या अटींचा. आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता १ जुलै १९९८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गांवरील प्रवासी जहाजांना लागू झाली, आणि तिने सुरक्षेसाठी किनाऱ्यावर एक जबाबदार व्यक्ती नेमणे, कार्यपद्धती लेखी ठेवणे, अंतर्गत तपासण्या करणे ही कामे कंपनीवर टाकली. यामागचे कारण रास्त होते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग्ग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचे दार उघडे ठेवून निघाली आणि उलटली. त्यात १९३ माणसे गेली, आणि चौकशीत दोष खलाशांबरोबरच कंपनीच्या कार्यालयापर्यंत पोहोचला. परंतु अशी अट देशांतर्गत लहान मार्गांवर जशीच्या तशी आणली, तर दहा बोटींची कंपनी तो पगार दहा बोटींवर वाटते आणि एका बोटीचा मालक, जो स्वतःच तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, असतो, तो सगळा एकट्याने भरतो. माझ्या मते लहान मालक सर्वांत जास्त चिरडले जातात ते याच रकान्यात, आणि हरकती नोंदवताना सर्वांत कमी बोलले जाते तेही याच रकान्याबद्दल, कारण रडारची किंमत डोळ्यांत भरते आणि कागदपत्रांची भरत नाही.

उपाय मात्र याच रकान्यात सर्वांत सोपा असतो. सुरक्षा अधिकारी, प्रशिक्षण आणि नोंदवह्या ही कामे सहकारी संस्थेने सामाईकपणे केली तरी चालतील, एवढे एक वाक्य मसुद्यात आले की कंपनीमागचा खर्च पुन्हा बोटीमागे येतो.

काही अटी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, कारण त्यांना पैसा लागतच नाही. इटलीच्या किनाऱ्यावर १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांचा संकटात जहाज सोडण्याचा सराव झालेलाच नव्हता. तो २४ तासांच्या आत घेतला तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून तो निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. अशा अटींवर वेळ घालवू नये.

आकड्यांचे उंबरठे

मसुद्यातील प्रत्येक आकड्याभोवती गोल काढावा, कारण जेथे आकडा तेथे धंदा वळसा घालतो. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे सोलसनुसार, १२ पेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते. परिणामी मालवाहू जहाजांवर हौशी प्रवाशांसाठी खोल्या ठेवल्या जातात त्या १२ जणांपुरत्याच, आणि भाड्याच्या आलिशान यॉटही बहुधा १२ पाहुण्यांवरच थांबतात. पुढे ३६ प्रवाशांवर आगीसंबंधीचे नियम आणखी कडक होतात. युरोपीय संघात देशांतर्गत प्रवासी जहाजांचे सामाईक नियम आता २४ मीटर व त्याहून लांब जहाजांना लागू आहेत. त्याखालची जहाजे ज्या त्या देशाच्या नियमांवर सोडली आहेत.

उंबरठा वरच्या बाजूलाही असतो, आणि तो अधिक घातक ठरू शकतो. ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा जीवनौकांच्या ब्रिटिश नियमांतील सर्वांत वरचा वर्ग १०,००० टनांवरच्या जहाजांचा होता आणि त्यासाठी १६ नौका पुरेशा मानल्या जात. टायटॅनिक ४६,००० टनांहून मोठी होती. तिच्यावर २० नौका होत्या, म्हणजे कायद्याने मागितल्यापेक्षा चार जास्त, पण त्यांत १,१७८ जणांचीच सोय होती आणि जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. अटलांटिकवरील कंपन्यांची चढाओढ आकार, वेग आणि थाट यांवर चालली होती, आणि नियम मात्र दहा हजार टनांवर थांबला होता. म्हणून मसुद्यात ‘पेक्षा अधिक’ असा शेवटचा वर्ग दिसला, तर पुढील काही वर्षांत येऊ घातलेली सर्वांत मोठी बोट त्यात कशी बसेल, हे विचारावे.

जुन्यांची सूट

‘हे नियम अमुक तारखेनंतर बांधलेल्या बोटींना लागू होतील’ हे वाक्य ज्या परिच्छेदात असते, तो परिच्छेद तीनदा वाचावा. स्पर्धेचा निकाल बहुधा तेथेच लागलेला असतो.

सूट देण्याला कारण असते. पाण्यावर असलेली बोट कापून नव्याने बांधता येत नाही. पण सूट म्हणजे जुन्या बोटीला दिलेले अनुदानच असते, फक्त ते सरकारी तिजोरीतून जात नाही. नवी, सुरक्षित बोट आणणाऱ्याला महाग बांधणीचे कर्ज फेडायचे असते, तर जुन्या बोटीची किंमत केव्हाच वसूल झालेली असते. दोघांचे तिकीट एकाच खिडकीवर विकले जाते. सूट बेमुदत असेल तर नव्या बोटीची गुंतवणूक करणारा शहाणा माणूस दुसरा धंदा शोधतो.

चांगली मुदत कशी असते, याचे उदाहरण उत्तर युरोपात आहे. २७-२८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री टॅलिनहून स्टॉकहोमला जाणारी ‘एस्टोनिया’ ही फेरी बाल्टिक समुद्रात बुडाली आणि ८५२ माणसे गेली. रो-रो जहाजाचा, म्हणजे ज्यात गाड्या चालवतच चढवतात-उतरवतात त्या जहाजाचा, गाड्यांचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो, त्यामुळे तेथे थोडे पाणी शिरले तरी ते एका बाजूला वाहते आणि जहाज कलते. म्हणून गाड्यांच्या मजल्यावर पाणी साचले असतानाही जहाज तरले पाहिजे, अशी अट पुढे आली. १९९५ च्या सोलस परिषदेत ती सर्व जगासाठी मान्य झाली नाही, पण ज्या देशांना हवी त्यांना आपापसांत करार करण्याची मुभा मिळाली. त्याप्रमाणे डेन्मार्क, फिनलंड, जर्मनी, आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन या सात देशांनी २८ फेब्रुवारी १९९६ रोजी स्टॉकहोम करार केला.

स्पर्धेच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. करार जहाजाच्या ध्वजाला, म्हणजे नोंदणीच्या देशाला, न बांधता या देशांच्या बंदरांत नियमित येण्याजाण्याला बांधला होता, त्यामुळे दुसऱ्या देशाचा ध्वज लावून सुटका नव्हती. किती पाणी गृहीत धरायचे, जास्तीत जास्त ५० सेंटिमीटर, हे मार्गावरील लाटांच्या उंचीवर आणि जहाजाच्या बाजूच्या उंचीवर अवलंबून होते, त्यामुळे शांत पाण्यातील मालकाला खवळलेल्या समुद्राचा खर्च करावा लागला नाही. आणि जुन्या जहाजांना सरसकट सूट न देता, जे जहाज जितके कमकुवत त्याची मुदत तितकी आधी, अशा पायऱ्यांनी १ ऑक्टोबर २००२ पर्यंत सर्वांना आत आणले. सर्वांत वाईट जहाज आधी हटले की सर्वांत स्वस्त तिकीटही त्याच्याबरोबर हटते, आणि सुधारणेवर खर्च केलेल्या मालकाला आपण फसलो असे वाटत नाही.

दक्षिणेत, विशेषतः ग्रीसमध्ये, हे नियम तेव्हा लागू नव्हते. २६ सप्टेंबर २००० रोजी ‘एक्सप्रेस समीना’ पारोस बेटाजवळ खडकावर आदळून बुडाल्यानंतर हा फरक टिकवणे अवघड झाले आणि २००३ च्या निर्देशाने युरोपीय संघाने तोच दंडक सर्व सदस्य देशांना लावला. तरीही जुन्या जहाजांना २०१० पर्यंत, आणि काहींना ३० वर्षे पूर्ण होईपर्यंत पण फार तर २०१५ पर्यंत, वेळ मिळाला. एकाच संघात जवळजवळ वीस वर्षे दोन तऱ्हेची जहाजे चालली, असा याचा अर्थ.

वयाची मर्यादा हा याच विषयाचा दुसरा प्रकार आहे. ती तपासायला सोपी असते, पण सैल करायलाही तितकीच सोपी असते. दक्षिण कोरियात प्रवासी जहाजांची वयोमर्यादा २००९ मध्ये ३० वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. १९९४ मध्ये जपानमध्ये बांधलेले जहाज २०१२ मध्ये विकत घेऊन, वर मजले चढवून, ‘सेवॉल’ या नावाने २०१३ पासून इंचॉन ते जेजू मार्गावर चालवणे त्यामुळे किफायतशीर झाले. १६ एप्रिल २०१४ रोजी ते उलटले आणि ३०४ जण मेले, त्यांतले बहुतेक सहलीला निघालेले शाळकरी विद्यार्थी होते. परवानगी ९८७ टन मालाची असताना जहाजावर २,१०० टनांहून अधिक माल होता. स्पर्धेमुळे मालक जीव धोक्यात घालतात, असे म्हणणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण त्या मार्गावर या कंपनीला प्रतिस्पर्धीच नव्हता. मक्तेदारीने सुरक्षितता आपोआप येत नाही; वरच्या हिशेबातील जास्तीचे २,००० रुपये मक्तेदारालाही हवेच असतात.

एकेका जहाजाला मिळणारी खास सूट वेगळी ओळखावी. अमेरिकेतील ‘डेल्टा क्वीन’ या नदीवरील बोटीचा वरचा भाग लाकडी असल्याने १९६६ च्या कायद्यात ती बसत नव्हती; तिला तेथील काँग्रेसने वारंवार सूट दिली, ती २००८ मध्ये संपली आणि २०१८ मध्ये पुन्हा देण्यात आली. ऐतिहासिक वारसा म्हणून त्यात कदाचित गैर काही नसेल. परंतु जी सूट मिळवायला कायदेमंडळापर्यंत हात पोहोचावा लागतो, ती एका बोटीच्या मालकाला कधीच मिळत नाही.

आणि संपूर्ण धंद्यालाच दिलेली सूट. हिचा अनुभव मुंबईच्या बंदराला चांगला आहे. मुंबईहून जिद्दाला हज यात्रेकरू नेणाऱ्या जहाजांवर डेकवरच झोपणाऱ्या प्रवाशांची संख्या इतकी असे, की सोलसचे सर्व नियम त्यांना लावणे अव्यवहार्य मानले गेले आणि १९३१ चे ‘सिमला नियम’ त्यांच्यासाठी वेगळे करण्यात आले. त्यांची जागा पुढे १९७१ च्या विशेष प्रवासी जहाजांच्या कराराने घेतली. भाडे त्यामुळे गरिबाच्या आवाक्यात राहिले, हे खरेच आहे. पण ज्याच्याकडे पैसा कमी त्याच्यासाठी जीवनौकाही कमी, हा त्या व्यवहाराचा दुसरा भाग होता, आणि ‘तिकीट परवडले पाहिजे’ या मुद्द्यावर सूट मागणाऱ्याने तो लपवू नये.

वस्तू सांगितली आहे की परिणाम

नियमात विशिष्ट वस्तू किंवा पद्धत सांगितली असेल, तर ती विकणारा कोण हे पाहावे. जहाजावरील आगीपासून संरक्षणासाठी १९४८ च्या सोलस करारात तीन पर्यायी पद्धती होत्या. न जळणाऱ्या साहित्याची बांधणी अमेरिकेची होती, पाण्याचे फवारे ब्रिटनचे, आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा व कप्पे ही फ्रान्सची. प्रत्येक देशाच्या गोद्यांना आपापली सवय मोडायची नव्हती, हे यातून उघड दिसते. तीन पर्यायांमुळे बाजार सर्वांना खुला राहिला, पण तिन्ही पद्धतींची ताकद सारखी नव्हती. म्हणजे परिणाम सांगून मार्ग मोकळा ठेवणे चांगले, मात्र परिणाम मोजता आला पाहिजे.

जोडीला आणखी एक गोष्ट तपासावी. बोटीवर चढवलेल्या प्रत्येक वस्तूला वजन असते. टायटॅनिकनंतर सर्वांसाठी जीवनौकांची मागणी झाली आणि शिकागोतील ‘ईस्टलँड’ या मुळातच डळमळीत जहाजावर १९१५ मध्ये जास्तीच्या नौका व तराफे चढवले गेले. २४ जुलै १९१५ रोजी ते धक्क्याला बांधलेले असतानाच आडवे झाले आणि ८४४ माणसे मेली. आज स्थिरतेचा हिशेब पुन्हा करून क्षमताच कमी केली जाते. तेव्हा ‘उपकरणाची किंमत किती’ याबरोबरच ‘त्यापायी आसने किती कमी होतील’ हेही विचारावे. लहान बोटीची दहा आसने गेली, तर तो तोटा उपकरणाच्या किमतीहून मोठा असू शकतो.

पावसाळा आणि पाण्याचे वर्ग

महाराष्ट्रात हा भाग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. देशांतर्गत जलयान अधिनियम, २०२१ ने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आणि एका राज्यात मिळालेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरले. त्याखालील नियमांत पाण्याचे तीन विभाग लाटांच्या उंचीवरून पाडले आहेत, अनुक्रमे दोन मीटर, १.२ मीटर आणि ०.६ मीटरपर्यंत. कोणता मार्ग कोणत्या विभागात पडतो, यावरून त्या मार्गावर कोणत्या बोटी उतरू शकतात हे ठरते. म्हणून नियमापेक्षा विभागांची अधिसूचना आधी वाचावी.

गेटवे ते मांडवा या मार्गावरील लाँच आणि कॅटमरान पावसाळ्यात बंद असतात. याउलट भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो फेरी मोठी असल्याने हवामान पाहून पावसाळ्यातही चालते. म्हणजे वर्षातून काही महिने अलिबागला पाण्याने जाणाऱ्याला एकच पर्याय उरतो, नाही तर पेण-वडखळचा रस्ता आहेच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे ज्या किनाऱ्याने पाहिले आहे, तेथे पावसाळी बंदीच्या विरोधात कोणी बोलू नये. विचारायचा प्रश्न निराळा आहे. बंदी कॅलेंडरच्या तारखेवर आहे की बोटीच्या मजबुतीवर? तारखेवर असेल तर पावसाळ्यात चालेल अशी मजबूत लाँच बांधण्याचे कोणालाही कारण उरत नाही. मजबुतीवर असेल, तर त्या पावसाळी महिन्यांच्या उत्पन्नासाठी कोणी तरी ती बांधील.

तपासणारा कोण, आणि प्रवाशाला काय कळते

सेवॉलच्या वेळी प्रवासी जहाजांच्या सुरक्षा तपासणीचे काम कोरियातील जहाजमालकांच्याच संघटनेकडे होते. अपघातानंतर ते काढून घेण्यात आले. मसुद्यात ‘मान्यताप्राप्त संस्था’ असा शब्द असेल, तर तिचे सभासद कोण आणि तिचे शुल्क कोण भरते, हे पाहावे. त्याहून साधी बाब सर्वेक्षणाच्या तारखेची. सर्वेक्षक कमी असतील आणि हंगाम सुरू होताना बोट तपासणीच्या रांगेत अडकली, तर दहा बोटींचा मालक नऊ बोटींनी धंदा करतो, एका बोटीचा मालक घरी बसतो. अर्ज केल्यापासून किती दिवसांत तपासणी होईल, हे नियमातच लिहून घ्यावे.

माहितीची सक्ती हा कमी वापरला जाणारा पण प्रभावी मार्ग आहे. १३ नोव्हेंबर १९६५ रोजी मायामीहून नासाऊला जाणारे, पनामाचा ध्वज असलेले ‘यार्माउथ कॅसल’ जळून बुडाले आणि ९० जण मेले. अमेरिकेने १९६६ मध्ये कायदा केला की तेथून प्रवासी नेणाऱ्या जहाजांच्या जाहिरातीत त्यांच्या सुरक्षेचा दर्जा आणि ध्वजाचा देश सांगितला पाहिजे. आपल्याकडे प्रत्येक बोटीवर आणि तिकीट खिडकीवर मान्य क्षमता, बोटीचे बांधणीवर्ष आणि शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख मराठीत ठळक लावण्याची अट टाकली, तर खर्च एका फलकाचा येईल. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीवर आदळली, त्यानंतर बोटीवर किती माणसे होती आणि किती मान्य होती, याची चर्चा सर्वत्र झाली. ती मोजणी बोट सुटण्यापूर्वी कोणत्याही प्रवाशाला करता आली पाहिजे.

हरकत लिहिताना

‘हा नियम रद्द करावा’ असे लिहिलेले पत्र बहुधा नस्तीतच राहते. नियमाचा हेतू मान्य करून, कलमाचा क्रमांक देऊन, पर्यायी शब्दरचनाच लिहून द्यावी. उदाहरणार्थ: ‘प्रत्येक बोटमालकाने सुरक्षा अधिकारी नेमावा, याऐवजी प्रत्येक बोटमालकाने स्वतंत्रपणे किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत सामाईकपणे सुरक्षा अधिकारी नेमावा, अशी दुरुस्ती करावी.’ सूट हवी असल्यास तिची शेवटची तारीख आपणच सुचवावी. बेमुदत सूट मागणाऱ्याचे इतर मुद्देही वाचले जात नाहीत. तिकिटामागे किती रुपये वाढतील याचा हिशेब जोडावा, आणि त्यात गृहीत धरलेले आकडे उघड लिहावेत. प्रतिस्पर्ध्यालाही तीच अट लागू करा, एवढीच मागणी असेल तर तसे स्पष्ट म्हणावे; त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पत्र पाठवण्याच्या दिवशीच आणखी एक काम उरकून घ्यावे. त्या मार्गावर आज किती परवानाधारक आहेत, किती बोटी चालतात, त्यांची वये काय, दिवसाला किती खेपा होतात आणि तिकीट किती आहे, याची नोंद करून ठेवावी. जे आकडे धक्क्यावर मिळणार नाहीत ते माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली महाराष्ट्र सागरी मंडळाकडे मागता येतात. नियम लागू झाल्यावर एक वर्षाने आणि तीन वर्षांनी हेच पाच आकडे पुन्हा काढावेत. बोटी तेवढ्याच असून मालक निम्मे झाले असतील तर खर्च तिसऱ्या रकान्यात बसला होता असे समजावे, आणि बोटींचे सरासरी वय वाढले असेल तर जुन्यांना सूट देणारे कलम पुन्हा उघडून पाहावे.